पहिला मान

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, पंचफुला मागच्या अंगणात पदराखाली बाटली धरून उभी होती आणि गल्लीतली पोरं फटाक्यांची लड केव्हा लावतात याची वाट पाहत होती. पांढुर्णा तेव्हा जिल्हा झाला नव्हता, नुसती तहसील होती. सणाच्या सकाळी गाव असं शांत असायचं की एका घरात वाटी पडली तर तिसऱ्या घरात ऐकू जायची. म्हणून तिला लड पाहिजे होती.

बाटली रात्रभर पाण्याच्या टाक्यात सुतळीनं बांधून सोडलेली होती. तिच्यावरचा सोनेरी कागद भिजून निघाला होता. फ्रिजमध्ये ठेवायची सोय नव्हती, कारण फ्रिज हेमराजही उघडत असे.

शेवटी लड लागली. पंचफुलानं बुचावरची तार उलगडली, वर फडकं धरलं आणि अंगठ्यानं बूच रेटलं. ते फडक्यातून निसटून शेजारच्या टिनावर जाऊन आदळलं. आतून म्हाताऱ्या तुळशीरामबुवांनी पोरांच्या नावानं एक शिवी हासडली. फेस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, पातळाच्या निऱ्या भिजल्या. भपकारा येईल म्हणून तिनं आधीच श्वास धरून ठेवला होता. पण वास आला तो आंबटगोड, पिकल्या बोरांच्या टोपलीसारखा. वाईट नव्हता. तिनं घाईनं तोंड फिरवलं.

दुधाचे दोन मोठे गंज तिनं घासूनपुसून ठेवले होते. एकात तिनं सगळी बाटली रिकामी केली. फेस भांड्याच्या काठापर्यंत चढला, आणि उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर घालावी तशी ती सवयीनं त्याच्यावर फुंकर घालू लागली. मग तिनं गंज उचलून उंचावरून दुसऱ्या गंजात ओतला. दुसऱ्यातून पहिल्यात. पुन्हा पहिल्यातून दुसऱ्यात. तापलं दूध निवायला वरखाली करतात, अगदी तसं. ती त्यातला जीव काढत होती.

हा शब्द हिमानीचा. हिमानी तिची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरीला. धनतेरसला आली तेव्हा तिनं बॅगेतून स्वेटरात गुंडाळलेली ही बाटली काढली आणि मायच्या हातात दिली. गौरवनं पाठवली होती. गौरवच्या घरचे मूळ लोधीखेड्याचे, पण वडलांची सारी नोकरी नाशिकला गेली. तिकडे द्राक्षाचे मळे, द्राक्षाच्या वाईनचे कारखाने. त्यांच्या घरी दिवाळीला पाहुणे आले की फराळाच्या ताटासोबत अशी बाटली उघडायची रीत पडून गेली होती. पाडव्याला गौरव आणि त्याचे आईवडील लग्नाचं पक्कं करायला येणार होते आणि बाटली यजमानानं उघडायची असा त्यांचा आग्रह होता.

"हे काही दारू नसते आई," हिमानी म्हणाली होती. "द्राक्षाचं असते. फक्त हलवू नको. याचा फेस म्हणजेच याचा जीव. फेस गेला का मंग नुसतं पाणी."

"तुह्या बाबाच्या पुढ्यात ठेवशीन हे?"

हिमानी स्वेटरची घडी घालत राहिली.

बापाचं तिला सांगायची गरज नव्हती. हेमराजचं स्टेशन रोडला लोखंडी सामानाचं दुकान. माणूस हिशेबाला चोख, बोलायला गोड, आणि अठरा वर्षं पिणारा. एकदा नागपूरहून येताना गाडीत असा पडला की पांढुर्णा मागं गेलं आणि तिगावच्या स्टेशनवर कोणीतरी त्याला उतरवून बाकावर निजवलं. त्याला आणायला हिमानी गेली होती, कॉलेजच्या ड्रेसवर. त्या दिवशी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सोडली. त्याला आता चार वर्षं होत आली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी पंचफुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, एक घोटही नाही. यांच्यासाठी एक घोट आणि एक बाटली यात फरक नाही. ती ते वाक्य मंत्रासारखं मनात म्हणत असे. चार वर्षं ती त्याच्या पावलांचा आवाज ऐकून दार उघडत होती. पाय सरळ पडतात का, हे दाराआडून आधी ऐकायचं आणि मग कडी काढायची.

पाहुण्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आधीचं एक स्थळ वरुडचं होतं. तिथल्या मुलाच्या मामानं गावात येऊन चौकशी केली, कोणीतरी सांगितलं, बाप पेते, आणि पुढं निरोपच आला नाही. बाप पेत होता आणि बाप पेते यातला फरक सांगायला कोण जाणार. आता हिमानीनं पंचविशी ओलांडली होती आणि गौरववर तिचा जीव होता.

गुणवंतराव, म्हणजे गौरवचे वडील, माणूस मोकळा होता पण मतं पक्की होती. त्यांच्या धाकट्या भावानं दारूपायी घर बुडवलं होतं. पहिल्याच फोनवर ते हेमराजला म्हणाले होते, की माणसानं चारचौघांत बसून एक पेला घ्यावा आणि उठावं. लपून पितो तो वाईट, आणि जो एक घोटही घेत नाही त्याच्या मागं काहीतरी असतंच. तुम्ही घेता ना? हेमराज फोन कानाला धरून दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, कधीमधी, सोबतीपुरती. घरी येऊन त्यानं हे पंचफुलाला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

तेव्हापासून तिच्या पोटात एक मूठ आवळली गेली होती. घेतली तर माणूस गेला. नाही घेतली तर पोरीचं लग्न गेलं. हिमानी म्हणत होती, बाबा नुसतं ओठाला लावतील. पंचफुलाला हे ऐकून हसू आलं असतं, जर हसता आलं असतं. ओठाला लावून ठेवणारा माणूस तिनं अठरा वर्षांत पाहिला नव्हता.

आणि मग त्या शब्दानं तिला धरलं. जीव.

तिच्या माहेरी, तिगावच्या अंगाला, कवडू नावाचा सालदार होता. मोहाची बाटली रात्री उघडी राहून गेली की तो सकाळी हुंगायचा, म्हणायचा, मेली, आणि उकिरड्यावर ओतून द्यायचा. मेलेली दारू कोणी पीत नसे, कारण ती चढत नसे. तिनं लहानपणी कितीदा पाहिलं होतं. मग हिच्यातला जीव काढला तर हीही मरेल, आणि मेलेलं पाणी हेमराजनं प्यालं तर त्याला काय होणार? पाहुण्यांना दिसेल, इवायानं, म्हणजे व्याह्यानं, पेला घेतला. पोरीचं होऊन जाईल. असा सगळा हिशेब तिनं दोन रात्री जागून जुळवला होता, आणि तो जुळल्यावर तिला देवापुढं दिवा लावताना पहिल्यांदा हात स्थिर वाटला होता.

ती ओतत राहिली. खांदे भरून आले. अधूनमधून गंजाला कान लावून ऐके. आधी आत तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखं चुरचुरत होतं, मग कमी झालं, मग थांबलं. वर नजर टाकली तर एकही बुडबुडा नाही. तिनं नरसाळं लावून ते परत बाटलीत भरायचं ठरवलं होतं, पण बूच टिनाखालून शोधून आणलं तर ते भूछत्रासारखं फुगलेलं. काही केल्या बाटलीत जाईना. दगडानं ठोकलं तरी जाईना. मग तिनं सगळं स्टीलच्या जगात ओतलं आणि वर ताटली ठेवली.

"काय करून राहिली वं?"

हेमराज मागच्या दारात उभा होता. अभ्यंगाचं तेल अंगाला लावलेलं, खांद्यावर टॉवेल.

"दूध थंडं करून राहिली."

"दुधाले असा वास येते?"

ती जगाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. मग तिनं सांगून टाकलं. भराभर, एका दमात, जसं दुखणं सांगतात. फेस काढला. जीव काढला. आता नुसतं द्राक्षाचं पाणी आहे. तुम्ही सगळ्यांच्या पुढं एक पेला घ्या, काही होत नाही, पोरीचं होऊन जाईल.

हेमराजनं सगळं ऐकून घेतलं. जगाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. तिच्या भिजलेल्या निऱ्यांकडे पाहिलं, लाल झालेल्या मनगटांकडे पाहिलं.

"बरं केलं," तो म्हणाला आणि न्हाणीत गेला.

पाहुणे दुपारी जेवणाच्या आधी आले. गुणवंतराव उंच, पांढऱ्या मिशांचे. दारातूनच त्यांनी अंगणातल्या शेणाच्या गोवर्धनाला हात जोडले आणि म्हणाले, नाशिकला हे पाहायला मिळत नाही. त्यांच्या पत्नी स्मिताताई ठेंगण्या, हसऱ्या. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन भरड्याचे वडे कसे थापतात ते पाहत उभ्या राहिल्या. गौरव हिमानीच्या शेजारी बसू की समोर बसू अशा घोटाळ्यात खुर्ची धरून उभा. चांगली माणसं होती. पंचफुलाला त्याचंच जास्त भय वाटत होतं; वाईट माणसांचा नकार सोसता येतो.

चिवडा, अनारसे, करंज्या मांडल्या. सुपारीचं तबक फिरलं. मग गुणवंतरावांनी हात चोळले.

"हं, इवाई, काढा आता गौरवची भेट. बूच तुमच्या हातानं उडालं पाहिजे."

पंचफुला आतून जग घेऊन आली.

हिमानीनं मायकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. गौरव जगात डोकावला, सभ्य मुलगा होता, लगेच मागं सरला.

"मी सकाळीच काढून ठेवलं," पंचफुला म्हणाली. "जगात चांगलं गार होते म्हणून."

गुणवंतराव क्षणभर जगाकडे पाहत राहिले, आणि मग असे हसले की मिशीवरचा चिवड्याचा दाणा उडाला. ताकासारखं, ते म्हणाले, अहो ताकासारखं ठेवलं. स्मिताताईंनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला आणि सांगितलं, की नाशिकला पहिल्यांदा यांच्या साहेबांनी असली बाटली दिली तेव्हा ह्यांनीही तिच्यात बर्फ आणि साखर घालून बायकोच्या मंगळागौरीला वाटली होती, तेव्हा हसू नये. सगळे हसले. हिमानीही हसली, रडण्याच्या काठावरचं. सिमेंटच्या एजन्सीकडून दुकानाला भेट आलेले काचेचे पेले कपाटातून निघाले आणि हेमराजनं स्वतःच्या हातानं एकेक भरला. पिवळसर, स्वच्छ, गुमान द्रव. नळाचं पाणीही त्याच्यापेक्षा जिवंत दिसलं असतं. पंचफुलानं मनात देवीचे पाय धरले.

"पहिला घोट यजमानाचा," गुणवंतराव म्हणाले. "घ्या."

हेमराजनं आपला पेला उचलला.

पंचफुला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिथून तिला त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता, पण हात पूर्ण दिसत होता. त्या हाताची बोटं पेल्याभोवती मिटली. घट्ट नाही. हळूच, ओळखीनं, झोपलेल्या लेकराचं मनगट धरावं तशी. चार वर्षांत त्यानं कुठलंच भांडं असं धरलं नव्हतं. चहाचा कप तो वहीसारखा उचलायचा. पेला वर गेला, आणि ओठांशी जायच्या आधी नाकाशी इवलासा थांबला. त्याच्या पापण्या खाली आल्या.

त्याला कळलं होतं. सकाळी मागच्या दारातच कळलं होतं. हे पाणी नव्हतं. फेस गेला होता, जीव जिथल्या तिथं होता. आणि तो बरं केलं म्हणाला होता.

पुढं ती कशी चालली ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. ती गेली, नवऱ्याच्या हातातला पेला तिनं काढून घेतला आणि व्याह्यांच्या पुढं, पदर डोक्यावर असताना, उभ्यानं पिऊन टाकला.

रिकामा पेला तिनं तबकाशेजारी ठेवला.

"आमच्याकडं," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला, "पहिला मान घरच्या बाईचा असते. पाडव्याचा."

असली काही रीत पांढुर्ण्यात नव्हती. सौंसरला नव्हती, जाम नदीच्या पल्याड सावरगावातही नव्हती. हिमानीचं तोंड उघडं राहिलं होतं. हेमराजचा हात अजून पेल्याएवढा वाकलेला, हवेत.

स्मिताताईंनी टाळी वाजवली. एकच, लहान मुलीसारखी.

"ऐकलंत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तीस वर्षं पहिला पेला तुम्ही उचलताय. याला म्हणतात रीत."

"मान्य," गुणवंतराव म्हणाले. "मान झाला. आता दुसरा इवायांचा." आणि त्यांनी जग उचलून पेला पुन्हा भरला.

तो पेला हेमराजकडे सरकताना पंचफुलानं पाहिला. विचार करायला वेळच नव्हता, म्हणून जे पहिलं जिभेवर आलं ते ती बोलली.

"अन् बाईनं घेतली का त्या घरचा माणूस त्या दिवशी घेत नाही. एकानं तरी शुद्धीवर राहा लागते ना. पाहुण्यायचं कोण करन?"

गुणवंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. हेमराजकडे पाहून म्हणाले, इवाई, कसल्या गावात राहता हो, माणसांचे हालच आहेत. हेमराज हसला. कसाबसा, एका बाजूनं. मग तो उठला आणि म्हणाला, मी वडे आणतो, आणि स्वयंपाकघरात गेला. स्मिताताईंनी तो भरलेला पेला पंचफुलाच्या हातात दिला, आपला त्याला लावला, काचेचा बारीक आवाज झाला, आणि आता मागं फिरता येत नव्हतं. पंचफुलानं दुसराही घेतला.

जेवणं झाली. सगळं हेमराजनं वाढलं, पंचफुलाला उठू दिलं नाही. ती स्मिताताईंच्या शेजारी बसली होती आणि तिला काहीतरी होत होतं. आधी कान गरम झाले. मग गळ्याखालून ऊब उतरली, छातीतून पोटात, आणि पोटात जी मूठ आवळलेली होती ती एकेक बोट करून सुटली. तिला आधी कळलंच नाही की काय नाहीसं झालं. मग कळलं. भय नाहीसं झालं होतं. दाराआडून पावलं ऐकण्याचं, कडीवर हात ठेवून उभं राहण्याचं, वीस-बावीस वर्षांचं. ते इतकं जुनं होतं की ते भय आहे हेच ती विसरली होती. तिला वाटायचं, तिचा स्वभावच तसा. आता ते उतरलं, आणि खाली कोणीतरी हलकी, हसरी बाई निघाली, जी तिगावच्या शाळेत जायची.

ती हसू लागली. स्मिताताई कसलातरी किस्सा सांगत होत्या, तो फारसा हसण्यासारखा नव्हता, पण पंचफुला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कवडूची गोष्ट तिनं सांगितली, त्याच्या आवाजात. गौरव पोट धरून हसला. हिमानी मायकडे पाहत राहिली, आपली माय अशी होती का कधी, असं पाहत. दारात वड्यांचं ताट घेऊन हेमराज उभा होता. तो हसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पंचफुलानं आयुष्यभर स्वतःच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, कपाटाच्या आरशात.

कुंकू लावलं, सुपारी फुटली, फेब्रुवारीची तारीख धरायचं ठरलं. ऊन उतरायच्या आत गाडी लोधीखेड्याकडे निघाली. हिमानी गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली.

पंचफुला मागच्या दारात आली तेव्हा हेमराज मोरीपाशी उकिडवा बसला होता. पुढ्यात पेले, ताटल्या आणि तो स्टीलचा जग. जगात अजून अर्ध्या पेल्याइतकं शिल्लक होतं. दारातूनही दिसत होतं. हिमानी घरात नाही, पाहुणे गेलेले, आणि त्याच्या हाताशी जग.

त्यानं जग उचलला, आणि हळूहळू मोरीत उपडा केला. पिवळी धार सिमेंटवरून जाळीकडे गेली.

आणि तिच्या मनात आलं, थोडं ठेवा लागत होतं.

ते तिनं स्वतःच्या कानानं ऐकल्यासारखं ऐकलं. तिनं चौकट धरली. धार संपली होती, जाळीपाशी थोडा ओला डाग उरला होता, आणि ती त्या डागाकडे पाहत होती.

हेमराजनं मान वर केली.

"कसं लागलं?"

आयुष्यभर तिनं त्याला एकच प्रश्न विचारला होता, की असं काय ठेवलं आहे त्यात. भांडताना विचारला होता, रडताना, दवाखान्यात, पाय धरून. त्यानं कधी उत्तर दिलं नव्हतं. तिला वाटायचं, त्याच्याजवळ उत्तर नाही.

"कडू," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं जग नळाखाली धरला, धुतला, राखेनं घासला, पुन्हा धुतला. हुंगून पाहिला आणि पुन्हा घासायला घेतला.

लग्न सौंसरला झालं, पुढच्या फेब्रुवारीत. महिन्याभरानं सगळं बंद पडलं, त्यामुळं नशीब म्हणायचं. हिमानी आणि गौरव पुण्याला आहेत, त्यांना एक मुलगी आहे. बापाचं जुनं काही हिमानीनं सासरी कधी सांगितलं नाही, आता सांगण्यासारखं काही उरलं नाही म्हणते. तुळशीरामबुवा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. गुणवंतरावांना साखर निघाली. डॉक्टरांनी सगळं तोडलं, तेव्हा ते आता दुसऱ्यांचे पेले भरतात आणि प्रत्येकाला सोबतीचं महत्त्व समजावून सांगतात. स्मिताताईंनी पांढुर्ण्याची रीत नाशिकला नेली. त्यांच्याकडे सणावाराला बाटली उघडली की पहिला पेला घरच्या बाईच्या हातात जातो, आणि त्यांच्या मैत्रिणींच्या घरीही आता तसंच करतात म्हणे. मूळ कुठलं विचारलं तर त्या गावाचं नाव सांगतात.

हेमराज दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात गेला, दुकानात, खिळे तोलता तोलता. त्या पाडव्यानंतरही त्यानं थेंब घेतला नाही. पण तेव्हापासून संध्याकाळी तो दुकान लवकर बंद करून घरी येऊन बसत असे, आणि पंचफुला शेजारीपाजारी हळदीकुंकवाला गेली तर परत येईपर्यंत दारात उभा राहत असे.

तो गेल्यावर पहिल्या दिवाळीला स्मिताताईंचा फोन आला, नाशिकला या म्हणून. पंचफुला म्हणाली, तो मान आता माझा राहिला नाही हो इहीनबाई. स्मिताताईंनी ते भलतंच ऐकलं. त्या चिडल्या, म्हणाल्या, नवरा गेला म्हणून बाईचा मान जातो हे माझ्या घरात मी चालू देणार नाही, पहिला पेला तुमच्याच हातात देणार, आणि पूर्ण प्यायला लावणार. दारात शुद्धीवर उभं राहणारं आता कोणी नाही, हे पंचफुलानं त्यांना सांगितलं नाही.

दर दिवाळीला तो फोन येतो. गाडी पाठवते म्हणतात, गौरवला पाठवते म्हणतात. पंचफुला सांगते, गुडघे उठू देत नाहीत. सकाळी मात्र ती पूल ओलांडून पायी सावरगावात जाऊन भाजी घेऊन येते, पिशवी भरून, आणि गच्चीवर पापड घालायला दिवसातून चार वेळा जिना चढते. गुडघ्यांना तिच्या काही झालेलं नाही.